गोठ्यातला ट्रॅक्टर

मैत्रिणींनो, लासलगाव हे नाव तुम्ही ऐकलेलं आहे, यात शंका नाही. कांदा महागला की बातम्यांत लासलगाव, आणि कांदा मातीमोल झाला तरी लासलगावच! पण एक गाव म्हणून तिथं जाऊन पाहावं, असं आपल्यापैकी कितीजणींच्या मनात आलं असेल? देवाला म्हणून आपण वणीला जातो, त्र्यंबकला जातो. पैठणी बघायला येवल्याला जातो. लासलगाव मधल्या मधे राहून जातं. माझी थोरली बहीण लासलगावच्या शिवारात दिलेली, म्हणून मला ते गाव लाभलं. शाळेला सुट्टी लागली की मुलांना घेऊन आठ-दहा दिवस ताईकडे, हा आमचा ठरलेला शिरस्ता.

आज तुम्हांला लासलगावचा कांदा तर दाखवणार आहेच, पण त्याहून वेगळी एक गोष्ट सांगायची आहे. ती आहे जुने ट्रॅक्टर खोलून, साफ करून, पुन्हा चालते करण्याच्या हौसेची. ‘अगंबाई, ट्रॅक्टर! त्यात आपल्याला काय कळणार?’ असं म्हणून पान उलटू नका हं! या हौसेत घरच्या बाईचा वाटा केवढा असतो, ते मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

जायचं कसं?

नाशिकहून निघालात तर छत्रपती संभाजीनगरच्या रस्त्यानं निफाडवरून विंचूरला यायचं आणि तिथून डावीकडे वळायचं. वाटेत दोन्ही बाजूंना द्राक्षाच्या बागा लागतात. निफाडपासून आत वळलं तर नांदूर-मधमेश्वरचं पक्षी अभयारण्य आहे. महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ म्हणून त्याचं नाव झालं आहे. थंडीत गेलात तर मुलांना तिथं जरूर न्या. रेल्वेनं यायचं तर मनमाडच्या अलीकडे लासलगाव स्टेशन आहेच. स्टेशनावर उतरलं की आधी नाकाला कळतं आपण कुठं आलो ते!

गावात पाहण्यासारखं काय, असं विचाराल तर मी म्हणेन, सकाळचा लिलाव पाहा. इथली बाजार समिती १९४७ सालची. कांद्याची आशियातली सर्वांत मोठी बाजारपेठ म्हणून ती ओळखली जाते. आवारात ट्रॅक्टर-ट्रॉल्यांच्या लांबच लांब रांगा लागलेल्या असतात. व्यापाऱ्यांचा घोळका एकेका ट्रॉलीपाशी येतो, कुणी मूठभर कांदे उचलून चोळून बघतो, बोली सुरू होते आणि दोन-तीन मिनिटांत चार महिन्यांच्या कष्टाचा भाव ठरतो. घोळका पुढे सरकतो. मागे उरतो तो शेतकरी, हातातल्या चिठ्ठीकडे बघत. सुकलेले गुलाबी पापुद्रे वाऱ्यावर उडत असतात, केसांत अडकतात. ते दृश्य पाहिल्यावर भाजीवाल्याशी दोन रुपयांसाठी घासाघीस करताना माझी जीभ जरा जड होते, हे खरं.

याच लासलगावात भाभा अणुसंशोधन केंद्राचा ‘कृषक’ नावाचा प्रकल्पही आहे. तिथं किरणांची प्रक्रिया करून कांद्याला कोंब येणं थोपवतात. २००७ साली आपले आंबे अमेरिकेला गेले, ते इथूनच प्रक्रिया होऊन गेले. म्हणजे अणुशास्त्र आणि बैलपोळा एकाच शिवारात नांदतात म्हणायचं!

आता पुन्हा त्या ट्रॅक्टरांच्या रांगेकडे वळू. नीट पाहिलंत तर त्यात सगळ्या वयाचे ट्रॅक्टर दिसतील. चकचकीत नवे, छत्री लावलेले, मोठ्या आवाजात गाणी लावलेले. आणि मधेच एखादा जुना, नाक थोडं लांब, मडगार्ड पातळ, रंगाचा नुसता भास उरलेला. पण तोही भार ओढून आलेला असतो. तसाच एक ताईच्या गोठ्यात होता. तो मात्र अकरा वर्षं जागचा हललेला नव्हता.

लाल रंगाची कुळकथा

ताईच्या सासऱ्यांनी, म्हणजे आबांनी, तो १९७६ साली भूविकास बँकेचं कर्ज काढून घेतला. महिंद्राचा बी-२७५, लाल रंगाचा. पंचक्रोशीत तेव्हा मोजकेच ट्रॅक्टर. लोक नांगरट करून घ्यायला नंबर लावत. आबांनी त्याच्यावर विहीर बांधली, दोन मुलींची लग्नं केली. म्हणून घरात त्याला कुणी ‘ट्रॅक्टर’ म्हणत नसे, ‘लाल्या’ म्हणत.

हा लाल रंग आला कुठून, याची मला गंमत वाटली म्हणून मी थोडं वाचलं. इंटरनॅशनल हार्वेस्टर नावाची एक मोठी अमेरिकन कंपनी होती. तिचा रंग लाल. तिच्या इंग्लंडमधल्या ब्रॅडफर्डच्या कारखान्यात बी-२७५ हा ट्रॅक्टर होत असे. १९६३ साली महिंद्रा, व्होल्टास आणि ही कंपनी यांनी मिळून मुंबईत ट्रॅक्टरची कंपनी काढली आणि पुढे कांदिवलीच्या कारखान्यातून हेच मॉडेल आपल्या शेतांत आलं. मूळ कंपनीनं १९८५ साली आपला शेतीयंत्रांचा धंदा विकून टाकला. पण इकडे आलेली लेक अशी नांदली, की संख्येनं पाहिलं तर आज जगात सर्वांत जास्त ट्रॅक्टर महिंद्रा बनवते. आणि २७५ हा आकडा आजही त्यांच्या ट्रॅक्टरवर असतो.

याच अमेरिकन कंपनीनं १९६१ साली घरामागच्या हिरवळीचं गवत कापायला ‘कब कॅडेट’ नावाचा छोटासा ट्रॅक्टर काढला होता. आपल्या स्कूटरच्या जागेत मावेल एवढा. तिकडे आता आजोबा झालेली माणसं ते जुने बागेचे ट्रॅक्टर हुडकून आणतात, घराशेजारच्या गॅरेजात सुटे करतात, एकेक भाग घासूनपुसून पुन्हा उभे करतात. कमाईसाठी नाही, हौसेसाठी. आपल्याकडे अंगणातलं गवत गाय खाते, नाहीतर आपण खुरप्यानं काढतो. बागेचा ट्रॅक्टर म्हणजे इथं द्राक्षबागेच्या दोन ओळींतून जाणारा अरुंद ट्रॅक्टर. पण हौस मात्र तीच.

जुन्या छोट्या ट्रॅक्टरांत सर्वांत नावाजलेला म्हणजे इंग्लंडचा करड्या रंगाचा फर्ग्युसन. आपले एव्हरेस्टवीर हिलरी आठवतात ना? ते १९५८ सालच्या ४ जानेवारीला दक्षिण ध्रुवावर पोचले, ते असले तीन फर्ग्युसन ट्रॅक्टर घेऊन! चाकांना पट्टे लावले होते, एवढंच. ट्रॅक्टरच्या मागे नांगर तीन ठिकाणी जोडून तो यंत्रानं वर-खाली करायचा, ही हॅरी फर्ग्युसनची युक्ती. नांगर दगडाला अडला तरी ट्रॅक्टरचं तोंड वर उचललं जाऊन तो उलटू नये, यासाठी ती फार उपयोगी पडली. लासलगावच्या रांगेतल्या कुठल्याही ट्रॅक्टरच्या मागे जाऊन पाहा, तीच जोडणी दिसेल.

आणि आपण तरी मागे होतो का? लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली माळरानावर किर्लोस्करवाडी वसवली ती लोखंडी नांगरासाठी. त्याच घराण्यानं १९३० साली ‘स्त्री’ मासिक सुरू केलं. म्हणजे नांगर आणि बायकांचं मासिक ही एकाच वाडीची लेकरं! पुढे किर्लोस्करांची आणि साताऱ्याच्या कूपरची ऑइल इंजिनं विहिरीविहिरीवर बसली. त्यांचा तो ठेक्यातला ‘ठुक्‌ ठुक्‌’ आवाज माझ्या लहानपणीच्या दुपारींत भरलेला आहे.

ताईच्या तीन अटी

तर हा लाल्या. २०१२ साली त्याचं इंजिन बसलं. तेव्हा नव्या ट्रॅक्टरची सोय झाली होती, म्हणून याला ढकलत गोठ्यात नेला आणि वर ताडपत्री टाकली. कोंबड्यांनी सीटवर अंडी घातली, उंदरांनी वायरी खाल्ल्या.

२०२३ सालच्या फेब्रुवारीत कांद्याचे भाव असे कोसळले, की लासलगावात शेतकऱ्यांनी लिलाव बंद पाडले. तुम्ही वाचलं असेल. त्याच दिवसांत एक भंगारवाला मळ्यात आला. लाल्याभोवती फिरला, लोखंडाचा अंदाज घेतला आणि म्हणाला, ‘अडतीस हजार देतो, आत्ताच.’ घरात पैशाची चणचण, भाची बारावीच्या उंबरठ्यावर, पुढे तिच्या फीचा प्रश्न. ताई म्हणाली, ‘देऊन टाका. जागा मोकळी होईल, चाळीला उपयोगी पडेल.’ दाजी गप्प बसले. रात्री जेवताना म्हणाले, ‘मी तो दुरुस्त करतो. हौस म्हणून करतो. मला एक संधी दे.’

मैत्रिणींनो, अशा वेळी आपण काय करतो? एक तर कडाक्याचं भांडण, नाहीतर अबोला. ताईनं दोन्ही केलं नाही. ती दोन दिवस विचार करत राहिली आणि मग तीन अटी सांगितल्या. पहिली, मुलीच्या फीचे पैसे आधी बाजूला निघतील, त्यांना काहीही झालं तरी हात लागणार नाही. दुसरी, लाल्यावर महिन्याला चार हजारांच्या वर खर्च नाही, आणि पै न्‌ पै माझ्या वहीत लिहायची. तिसरी, शेताचं काम खोळंबलं तर पान्हा खाली ठेवायचा. दाजींनी मान डोलावली. आबा खाटेवरून बघत होते. त्यांना ऐकू कमी येतं, पण एवढं नेमकं ऐकू आलं असावं, कारण ते हसले.

मिसळणाचा डबा

मी मे महिन्यात गेले तेव्हा गोठ्याचा दवाखाना झाला होता. इंजिन जाम होतं. आतले दट्टे, म्हणजे पिस्टन, गंजानं सिलिंडरला चिकटले होते. अशा वेळी घाई करून हातोडा मारायचा नसतो. नोझल काढून त्या भोकांतून डिझेल आणि ऑइल यांचं मिश्रण आत सोडायचं आणि वाट पाहायची. रोज थोडं ओतायचं, रोज चाक हलकेच पुढे-मागे करून बघायचं. कढीपत्त्याच्या कुंडीला पाणी घालावं तसं दाजी रोज सकाळी ते घालत. सतराव्या दिवशी चाक बोटभर हललं. ताई सांगत होती, ‘त्या दिवशी यांनी दोन वेळा चहा मागितला.’

मग खोलणं सुरू झालं. आणि इथं एक अडचण आली. ट्रॅक्टर सुटा करणं सोपं असतं, कुठला नट कुठला हे लक्षात ठेवणं कठीण. पहिल्या आठवड्यातच सगळं एका घमेल्यात गोळा झालं होतं. ताईनं ते पाहिलं आणि घरातून जुना मिसळणाचा डबा आणला. हो, आपला मोहरी-जिऱ्याचाच! प्रत्येक वाटीत एकेका भागाचे नट-बोल्ट, वर चिठ्ठी. डबा पुरेना तशा लोणच्याच्या बरण्या, दुधाच्या पावडरीचे डबे आले. ‘डावं मडगार्ड’, ‘पाण्याचा पंप’, ‘झाकणाचे आठ, लांब दोन वेगळे’. चिठ्ठ्या सगळ्या ताईच्या अक्षरात. भाचीनं प्रत्येक भाग खोलण्याआधी मोबाईलवर फोटो काढून ठेवले. पुढे जुळणी करताना दाजी एका बोल्टसाठीही अडले नाहीत.

सगळं घरी होत नाही, हेही सांगते. स्लीव्ह-पिस्टन नवे आणले. जुन्या मॉडेलचे सुटे भाग मिळणं हीच या हौसेतली खरी अडचण असते. एच.एम.टी.नं २०१६ साली ट्रॅक्टर बनवणं बंद केलं, तेव्हापासून ते घेणाऱ्यांना बरंच हिंडावं लागतं. बी-२७५ इतकी वर्षं चालला, की त्याचे भाग अजून मिळतात. डिझेलचा पंप नाशिकला देऊन तपासून घेतला, कारण तो नेमका बसवायला खास यंत्र लागतं. एक पितळी बुश मात्र कुठंच मिळेना, तो लेथवर तयार करून घेतला. घरात घासायची कामं उरली. वाळूचा कागद, रॉकेलऐवजी डिझेल, वायरचा ब्रश. माझ्या दोन्ही मुलांनी सुट्टीत एकेक चाक घासलं आणि इतकं घासलं, की संध्याकाळी मोबाईल मागायचं विसरले.

भाचीनं नंबरची छोटी पट्टी साफ केली. ट्रॅक्टरचा नंबर आणि आर.सी. बुकातला नंबर जुळतो का, ते पाहायला हवं होतं. जुळला. कुणी जुना ट्रॅक्टर विकत घेणार असेल तर हे आधी बघा. नोंदणी पंधरा वर्षांची असते, नंतर दर पाच वर्षांनी नवी करावी लागते. कागद नसलेलं यंत्र कितीही देखणं असलं तरी रस्त्यावर आणता येत नाही.

पानं कोरी राहिली ते महिने

२०२३ सालच्या डिसेंबरात कांद्याच्या निर्यातीवर बंदी आली. ती उठली २०२४ च्या मे महिन्यात. ताईची वही मी पाहिली आहे. डिसेंबर, जानेवारी, फेब्रुवारी, मार्च, एप्रिल या पाच पानांवर फक्त महिन्याचं नाव आणि खाली ‘निरंक’. दाजींनी एक रुपया मागितला नाही, ताईला अट आठवून द्यावी लागली नाही. इंजिन अर्धं उघडं, वर ताईचं जुनं सुती लुगडं झाकलेलं. मी मार्चमध्ये एका लग्नाला गेले होते, तेव्हा ते तसंच होतं. दाजी गोठ्यात जाऊन उभे राहत आणि परत येत. ताई मला म्हणाली, ‘भंगारात दिला असता तर पैसे आले असते, आणि केव्हाच संपलेही असते. आता निदान बघायला काहीतरी आहे.’ ती हे हसून म्हणाली, पण मला काही हसू आलं नाही.

त्या महिन्यांत काम चाललं ते बिनपैशांचं. आबा नातीला जवळ बसवून सांगत आणि ती लिहून घेई. टॅपेटमध्ये किती फट ठेवायची, थंडीत इंजिन कसं चालू करायचं, उतारावर गिअर का काढायचा नाही, कुठल्या आवाजाला भ्यायचं आणि कुठल्याला नाही. आबा शाळा चौथीपर्यंत शिकलेले. हे सगळं त्यांच्या हातांत होतं, कागदावर कुठंच नव्हतं. ती वही आता चाळीस पानांची झाली आहे.

पावसाळ्यात जुळणी पुरी झाली. डिझेलच्या नळ्यांत हवा राहिली तर इंजिन पेटत नाही, म्हणून एकेक जोड सैल करून, बुडबुडे थांबेपर्यंत हातपंप मारून ती हवा काढायची. हे काम भाचीनं केलं. पहिल्यांदा सेल्फ मारला, नुसती घरघर. दुसऱ्यांदा पांढरा धूर. तिसऱ्यांदा एकदम धडधडला आणि गोठ्यातल्या कोंबड्या उडाल्या! सगळे आनंदानं ओरडले. आबांनी हात वर करून सगळ्यांना गप्प केलं. लांब स्क्रू ड्रायव्हर मागून घेतला, त्याचं टोक इंजिनाला टेकवलं आणि मूठ कानामागच्या हाडाला. तसं केलं की आतला आवाज हाडातून कानात उतरतो. हाक मारली तर ज्यांना ऐकू येत नाही, ते आबा डोळे मिटून एकेक सिलिंडर ऐकत गेले. तिसऱ्यापाशी थांबले. ‘ह्याचा टॅपेट ढिला आहे,’ म्हणाले. उघडून पाहिलं, फट खरंच जास्त होती.

२०२४ च्या दसऱ्याला लाल्याची पूजा झाली. खंडेनवमीला आपण शस्त्रं, अवजारं पूजतो, त्यात त्याचाही पाट मांडला. झेंडूची माळ, नारळ, आणि ताईच्या हातचं हळदीकुंकू.

जमाखर्च

आता पैशाचं बोलू, कारण तुमच्या मनात तोच प्रश्न असणार. ताईच्या वहीत शेवटची बेरीज आहे त्रेपन्न हजार आठशे पन्नास रुपये. भंगाराचे अडतीस हजार आले नाहीत, ते वेगळेच. विकायला काढला तर हा सगळा पैसा परत येईलच, असं नाही. लाल्या आता मळ्यातून चाळीपर्यंत कांद्याच्या गोण्या आणतो, पाण्याची टाकी ओढतो. जड नांगरटीला त्याला लावत नाहीत. म्हणजे हिशेबानं हा तोट्याचाच व्यवहार, आणि ताई तो तसाच सांगते, सारवासारव करत नाही. पण ती असंही म्हणते, की चार हजारांची मर्यादा घातल्यामुळे कुणाचं काही अडलं नाही. भाचीची फी वेळेवर गेली. ती आता पॉलिटेक्निकला आहे. ट्रॅक्टरमुळे गेली असं मी म्हणणार नाही, गणित तिचं पहिल्यापासून चांगलं. पण ग्रीस लागलेल्या हातांची तिला लाज वाटत नाही, हे मात्र त्या गोठ्यातलं शिक्षण.

घरातल्या पुरुषाला अशी एखादी हौस लागली तर मला वाटतं, आपण बाहेर उभं राहून कुरकुर करू नये आणि डोळे मिटून होही म्हणू नये. हिशेबाची वही आपल्या हाती घ्यावी. मर्यादा आधी ठरवावी, नंतर नाही. आणि जमलं तर आपणही एखादं काम उचलावं. लावून ठेवणं, नोंद ठेवणं, वेळ पाहून थांबवणं ही कामं आपण रोज स्वयंपाकघरात करतोच, यंत्रालाही तीच लागतात.

पदर सांभाळा

चालू यंत्राजवळ जायचं तर काही गोष्टी घरात सगळ्यांना बजावून ठेवा. ट्रॅक्टरच्या मागे फिरणारा दांडा असतो, त्याला पीटीओ म्हणतात. तो मिनिटाला ५४० फेरे घेतो, म्हणजे सेकंदाला नऊ. त्यात पदर, ओढणी, वेणी अडकली तर ओरडायलाही वेळ मिळत नाही. पदर खोचून, वेणीचा अंबाडा घालून जा, आणि तो चालू असताना ओलांडून तर कधीच जाऊ नका. त्यावर झाकण हवंच. पट्टा फिरणाऱ्या इंजिनापाशीही तसंच. डिझेलच्या नळीतून फवारा उडत असेल तर तिथं बोट लावू नका, तो दाब कातडीत शिरतो. गरम रेडिएटरचं झाकण उघडू नका. बॅटरीजवळ काडी ओढू नका. बंद गोठ्यात इंजिन चालू ठेवू नका, धूर विषारी असतो. लहान मुलाला मडगार्डवर बसवून हिंडवायची आपल्याकडे पद्धत आहे. ती मोडा.

आणि कपड्यांचे डाग! काळं ऑइल लागलं की लगेच पाण्यात बुडवू नका. आधी डागावर टाल्कम पावडर किंवा मैदा पसरून अर्धा तास ठेवा, तेल शोषलं जातं. मग झटकून भांड्यांचा साबण चोळा आणि कोमट पाण्यानं धुवा. डाग पुरता जाईपर्यंत कडक उन्हात वाळत घालू नका, नाहीतर तो पक्का बसतो. डिझेलनं भिजलेले कपडे वॉशिंग मशीनमध्ये टाकू नका, ते आगीला आमंत्रण. आधी उघड्यावर वाळवून, हातानं धुवा. ताईनं तर दाजींसाठी एक जुना शर्ट-पायजमा कायमचा गोठ्यातल्या खुंटीला लावून ठेवला आहे, तो घरात येतच नाही.

तुमच्याकडे ट्रॅक्टर नसेल. शहरातल्या दोन खोल्यांत कसा असणार? पण माळ्यावर सासूबाईंचं शिवणयंत्र असेल, सासऱ्यांचा व्हॉल्व्हचा रेडिओ असेल, वडिलांची सायकल असेल. ते चालवणारं, त्याच्या खोडी जाणणारं माणूस घरात असेल तर आधी त्याला बोलतं करा. यंत्र दहा वर्षं झाकून ठेवलं तरी पुन्हा चालू करता येतं. ते कसं चालतं हे ठाऊक असलेलं माणूस मात्र फार दिवस थांबत नाही. एक वही घ्या, दुपारी चहा झाला की शेजारी बसा, आणि ते सांगतील ते उतरवून घ्या.

लासलगावला गेलात तर सकाळी लवकर जा. लिलाव रविवार आणि सणवार सोडून असतो, पण निघण्यापूर्वी चौकशी करून घ्या. येताना थोडा उन्हाळ कांदा घ्या. तो लाल कांद्यापेक्षा जास्त टिकतो. घरी आणल्यावर पिशवीत कोंडून ठेवू नका, बटाट्यांशेजारीही नको. वारा लागेल असा पसरून ठेवा.